हरवलेला हातचा

आमच्या गाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला उन्हाचा एक पट्टा यायचा. गाळा म्हणजे लोअर परळच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमधला, लाकडी फळ्या ठोकून वेगळा केलेला तुकडा. छपराचा एक पत्रा उडून गेला होता, तिथे मालकांनी पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा बसवला होता. त्यातून तो पट्टा माझ्या टेबलावर उतरायचा, वीसेक मिनिटं थांबायचा आणि मग भिंतीवर चढून निघून जायचा. त्याच्यात कापसाचे तंतू तरंगत असायचे. गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ते कुठून येत होते कोण जाणे. माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं मी त्या तंतूंकडे बघत घालवली असं कुणी म्हटलं, तर मी भांडायला जाणार नाही. उरलेल्या निम्म्यात जे काम झालं त्यातलं थोडं इथे सांगते.

आई चाळीतल्या शेजारणींना सांगायची, "आमची उज्ज्वला मशीनला भाषा शिकवते." ते तसं बरोबरच होतं, म्हणून मी कधी दुरुस्त केलं नाही.

वडील लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. सूत कातताना धागा तुटला की तो बोटांनी सांधायचा, हे त्यांचं काम. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. सुरुवातीला चाळीत सणासारखं वाटायचं, सगळ्यांचे बाप दिवसभर घरी. मग हळूहळू एकेक आवाज कमी होत गेला. भोंगा थांबला, जिन्यावरची पाळीच्या वेळची धावपळ थांबली. वडील मात्र पाळीच्या वेळेलाच उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि गॅलरीत उभे राहायचे. गेट उघडलं असा निरोप येईल म्हणून. दुपारी त्यांचा डोळा लागला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची. झोपेतही धागे सांधत असावेत. त्यांची गिरणी पुन्हा चालू झाली नाही. मी त्या बोटांकडे बघत अभ्यास केला, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि फिरून गिरणीतच आले, हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन.

आता धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रणाच्या पेट्या बनवायचो. तुमच्या विजेच्या मीटरमध्ये, लिफ्टमध्ये, पाण्याच्या पंपाच्या पेटीत नखाएवढी एक चिप असते. तिला फार थोड्या गोष्टी कळतात. ही संख्या इकडून उचल, तिकडे ठेव, या दोघींची बेरीज कर, शून्य आलं तर अमक्या ठिकाणी जा. अशा हुकमांत थेट लिहायचं तर माणसाला वेड लागेल. म्हणून आम्ही माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्राम लिहितो, आणि कंपायलर नावाचा एक दुसरा प्रोग्राम त्याचं चिपच्या हुकमांत रूपांतर करतो. कंपायलरचा पुढचा भाग सगळ्या चिपना सारखाच चालतो. शेवटचा भाग मात्र ज्या त्या चिपसाठी वेगळा लिहावा लागतो, कारण प्रत्येकीच्या खोडी वेगळ्या. त्याला बॅकएंड म्हणतात. आमच्या गाळ्यात त्याचं नाव पडलं 'शेवटचं खातं'. गिरणीत बसून आम्हाला दुसरं काय सुचणार?

हे खातं माझ्या गळ्यात पडलं ते आमच्या मालकांच्या, बर्वेसाहेबांच्या, काटकसरीमुळे. एका परदेशी कंपनीची चिप स्वस्तात मिळाली म्हणून त्यांनी दोन कपाटं भरून घेऊन ठेवली. वर्षभरात त्या कंपनीने त्या चिपचा कंपायलर द्यायचाच बंद केला. कपाटं भरलेली आणि चिपशी बोलायला कुणी नाही. तेव्हा जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला एक कंपायलर होता, कुणीही फुकट घ्यावा, दुरुस्त करावा, परत द्यावा असा. त्याला पुष्कळ चिप येत होत्या, आमची येत नव्हती.

"तू लिही आमच्या चिपचं शेवटचं खातं," बर्वेसाहेब म्हणाले. "तुला शांतपणे बसता येतं."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

दीड वर्षं मी त्या चिपचं माहितीपुस्तक वाचत होते. कादंबरी वाचावी तसं वाचायचे, डबा खाऊन झाल्यावर, पट्टा टेबलावर आला की. डोळे जड व्हायचे आणि मी त्या चिपमध्ये फिरायला लागायचे. सोळा खोल्यांची एक चाळ, एकच गॅलरी. प्रत्येक खोलीत एकच संख्या राहणार, तीही दोनशे पंचावन्नपर्यंतची. मोठी संख्या असेल तर तिला शेजारशेजारच्या दोन खोल्या द्यायच्या. बेरीज करायची तर आपण शाळेत करतो तशीच. आधी खालच्या खोल्यांची, मग हातचा धरून वरच्यांची. हातचा ठेवायला गॅलरीच्या टोकाला एक छोटा कोनाडा. अधूनमधून घंटा वाजते. घंटा वाजली की चिप हातातलं काम तिथेच टाकून दाराशी जाते, कोण आलंय ते बघते, परत येते आणि टाकलेलं काम पुढे करते. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. परत आल्यावर सगळं जिथल्या तिथे असलं पाहिजे, एवढीच अट. त्या चाळीत ना भांडणं, ना नळावरची रांग. मी तिथे फार सुखात असायचे, आणि कुणी हाक मारली की दचकून जागी व्हायचे.

लिहिणं झालं की तपासणं. तेच माझं खरं काम. मी छोटे छोटे नऊशे बारा प्रोग्राम लिहिले. कशात नुसती बेरीज, कशात भागाकार, कशात घंटा वाजतेय आणि मधेच मोजणी चाललीय. प्रत्येकाचं उत्तर काय यायला हवं ते आधी ठरलेलं. एकेक प्रोग्राम खऱ्या चिपवर चढवायला वेळ जातो, म्हणून मी कॉम्प्युटरवर त्या चिपची एक नक्कल तयार केली. तिला सिम्युलेटर म्हणतात. तीही मीच लिहिली, तेच माहितीपुस्तक समोर ठेवून. संध्याकाळी निघताना सगळ्या चाचण्या लावायच्या आणि सकाळी येऊन पडद्यावर बघायचं. ज्या दिवशी नऊशे बाराच्या नऊशे बारा हिरव्या ओळी दिसल्या, त्या दिवशी मी गाळ्यातल्या सगळ्यांना खरवस खाऊ घातला.

पहिलं गिऱ्हाईक गिरगावातले एक गृहस्थ होते. ते देवळांसाठी विजेवर चालणारी नगारा-घंटेची यंत्रं बनवायचे. आमची चिप घेऊन गेले आणि चार दिवसांनी यंत्रासकट परत आले.

"बाई, तुमचा नगारा आरती संपल्यावर एक ठोका जास्त मारतो."

"शक्य नाही," मी म्हटलं. "सगळ्या चाचण्या पास आहेत."

ते वाद घालत बसले नाहीत. यंत्र चालू करून, खुर्चीवर मांडी घालून त्यांनी टाळ्या वाजवत अख्खी आरती म्हटली आणि शेवटी एक बोट वर केलं. नगारा खरोखरच एकदा जास्त वाजला. मोजणी एकापासून की शून्यापासून, यात मी एका जागी घोळ घातला होता. दुरुस्त केलं, त्यांनी पेढे दिले, आम्ही हसलो. माझ्या नऊशे बारा चाचण्यांना जे दिसलं नाही ते त्यांच्या कानाला ऐकू आलं. त्यातून मी काही शिकायला हवं होतं. मी फक्त नऊशे तेरावी चाचणी लिहिली.

आता हरेश्वरबद्दल. हरेश्वर आमच्याकडे यंत्रांचे प्रोग्राम लिहायचा. रे रोडच्या पलीकडे, धक्क्याच्या अंगाला कोळ्यांची जुनी वस्ती आहे, तिथला. आई मासळी विकायची, मामा नाखवा, म्हणजे स्वतःची बोट असलेला. पोरगा हुशार, तोंडाने जरा फटकळ, आणि वस्तीतल्या कुठल्याही यंत्राचा डॉक्टर. कुणाचा मिक्सर, कुणाच्या बोटीचा वायरलेस, सगळं त्याच्याकडे. मला ताई म्हणायचा आणि माझ्या डुलक्यांवरून चिडवायचा. "ताई, चिपमध्ये जाऊन आलीस? काय म्हणतायत आतले?"

वस्तीतल्या बायकांनी मिळून एक शीतखोली बांधली होती. मासळी ठेवायची मोठी थंड खोली, वर कॉम्प्रेसर. तिच्यासाठी आम्ही नियंत्रणाची पेटी बनवली. चिप आमच्या कपाटातली, कंपायलर माझा, प्रोग्राम हरेश्वरचा. हट्टाने त्यानेच काम आणलं होतं, आपल्या वस्तीत आपली पेटी लागली पाहिजे म्हणून. पेटीचं काम सोपं. खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद करायचा, गरम झाली की चालू. पण कॉम्प्रेसर बंद केल्याबरोबर लगेच चालू केला तर बिघडतो, म्हणून मध्ये तीन मिनिटं विश्रांती. चिप दर सेकंदाला एक आकडा वाढवत असते. कॉम्प्रेसर बंद झाला की तेव्हाच्या आकड्यात एकशे ऐंशी मिळवायचे आणि तो आकडा येईपर्यंत थांबायचं.

पाच महिने पेटी नीट चालली. मग बोटी किनाऱ्याला ओढायच्या आधीची शेवटची खेप आली. त्यानंतर पावसाळाभर समुद्र बंद, म्हणून बायकांनी होता नव्हता तो माल खोलीत भरला. घोळ, सुरमई, पापलेट. शनिवारी संध्याकाळी दार लावलं. रविवारी दुपारी उघडलं तर आत बर्फाचं पाणी झालेलं आणि वास असा की पुढे उभं राहवेना. आणि वर कॉम्प्रेसर छान घरघरत चालू!

चालू कॉम्प्रेसर बघून लोकांनी एकच अर्थ काढला. शनिवारी दुपारी हरेश्वर पेटी पुसून, तपासून गेला होता. बटण बंद ठेवून विसरला असणार, आणि रविवारी गुपचूप येऊन चालू करून गेला.

सोमवारी तो पेटी काखेत मारून गाळ्यात आला. रात्रभर झोपला नसावा.

"ताई, मी बटणाला हात लावलेला नाही. माझा प्रोग्राम शंभर वेळा वाचला. बरोबर आहे. तुझ्या शेवटच्या खात्यात बघ ना एकदा."

"नऊशे तेरा चाचण्या पास आहेत, हरेश्वर."

"असू देत ना पास. तरी बघ."

मी बघितला तो त्याचा प्रोग्राम. पाच मिनिटांत मला हवं ते सापडलं. त्याने लिहिलं होतं, ठरलेला आकडा येईल त्या क्षणी चालू कर. मी म्हटलं, "नेमका तोच आकडा का? तो किंवा त्याच्या पुढचा, असं लिहायला हवं. आकडा हुकला तर बसेल वाट बघत."

"हुकेल कसा? एकेक सेकंद मोजतोय मी. एकशे एकोणऐंशीनंतर एकशे ऐंशीच येणार ना?"

"होतं असं कधीकधी," मी म्हटलं. तपासणारी मी, आणि बर्वेसाहेब समोर उभे. त्यांनी हरेश्वरकडून ती ओळ बदलून घेतली. पेटी परत लावली, आणि पुन्हा कधी बंद पडली नाही. म्हणजे चूक त्याचीच, हे सिद्ध झालं. माझ्यापुरतं तरी.

बर्वेसाहेबांनी त्याला काढलं नाही. तोच महिन्याभराने गेला. जाताना मला म्हणाला, "मामाच्या बोटीचा वायरलेस बिघडला होता. बघायला गेलो तर सगळ्यांसमोर म्हणाला, यंत्राला हात लावू नको रे." एवढंच बोलला. मी म्हटलं, विसरतील लोक. आणि पट्टा टेबलावर आला होता म्हणून माझ्या कामाकडे वळले.

दोन वर्षं गेली. आमच्या शेडच्या मागच्या बाजूची चिमणी पाडली, तिथे काचेची इमारत उभी राहायला लागली, आणि आमचा गाळाही फार दिवसांचा नाही हे कळून चुकलं. मला वाटलं, आपलं शेवटचं खातं त्या जगभरच्या कंपायलरमध्ये कायमचं जमा करून टाकावं. गाळा गेला तरी ते राहील. पण तिथे असं कुणाचंही काम उचलून घेत नाहीत. आधीचे जाणते लोक ओळ न् ओळ वाचतात, प्रश्न विचारतात. माझं काम वाचायला फिनलंडमधला एक गृहस्थ होता, अगदी मोजकं लिहिणारा. महिनाभर त्याच्या बारीकसारीक शंका येत राहिल्या. मग एका दिवशी पत्रात एकच ओळ आली. सिम्युलेटर कुणी लिहिला?

मी अभिमानाने कळवलं, मीच.

त्याचं उत्तर आलं. मग तुमच्या चाचण्या एवढंच सांगतात की तुमचं तुमच्याशी एकमत आहे. घंटेचा भाग खऱ्या चिपवर तपासून कळवा.

मला संताप आला. हा कोण मला शिकवणारा? दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रागारागातच कपाटातून एक चिप काढली, बोर्डवर बसवली आणि एक प्रोग्राम चढवला. दोन खोल्यांच्या संख्यांची बेरीज सतत करत राहायची, आणि घंटा सारखी वाजवत राहायची, सेकंदाला हजारो वेळा. बेरीज चुकली तर एक लाल दिवा लागेल. आता बस म्हणावं त्याला बघत.

तीनच्या सुमाराला पट्टा आला आणि नेमका बोर्डावर पडला. उन्हात दिवा लागलाय की नाही ते कळेना. मी दोन्ही तळव्यांची ओंजळ उपडी करून दिव्यावर सावली धरली. आत लाल उजेड होता. माझी बोटं आतून गुलाबी दिसत होती.

चुकलेल्या बेरजा काढून बघितल्या. प्रत्येक वेळी दोनशे छप्पन्न कमी. म्हणजे हातचा. खालच्या खोल्यांची बेरीज झाली, हातचा कोनाड्यात ठेवला, तेवढ्यात घंटा वाजली. चिप दाराशी गेली, तिथल्या कामात कोनाडा पुसला गेला, आणि परत आल्यावर वरच्या खोल्यांची बेरीज हातच्याशिवाय झाली. घंटा बरोबर त्या दोन पावलांच्या मध्ये वाजायला हवी आणि त्याच बेरजेत हातचा असायला हवा. एरवी महिनोन् महिने काही होणार नाही.

मी माहितीपुस्तक काढलं. घंटा दोन प्रकारच्या होत्या, तातडीची आणि साधी. तळटीप होती, तातडीच्या घंटेला चिप स्वतः कोनाडा जपून ठेवते, साध्या घंटेला तो प्रोग्रामने जपावा. मी धरून चालले होते की चिप नेहमीच जपते. कंपायलरमध्येही तसंच लिहिलं, सिम्युलेटरमध्येही तसंच. दोघं एकमेकांना बरोबर बरोबर म्हणत राहिले. आणि त्या तळटिपेशेजारी समासात पेन्सिलीने माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'नंतर पाहू'.

मग मी ती बेरीज केली, जी दोन वर्षांपूर्वी करायला हवी होती. एकशे ऐंशी मिळवायचे, त्यातून हातच्याचे दोनशे छप्पन्न गेले. कॉम्प्रेसर ज्या सेकंदाची वाट बघत होता तो शहात्तर सेकंदांपूर्वीच येऊन गेला होता. दोन खोल्यांत मावणारे आकडे संपले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि अशी पूर्ण फिरून तो सेकंद परत यायला अठरा तास अकरा मिनिटं लागतात. शनिवारी संध्याकाळी सहाला थांबलेला कॉम्प्रेसर रविवारी बाराच्या पुढे आपोआप चालू होणार, आणि एक वाजता दार उघडणाऱ्याला घरघरताना दिसणार. होऊन गेलेल्या क्षणाची वाट बघत बसलेलं ते यंत्र मला वडिलांसारखं वाटलं आणि मी टेबलावर डोकं टेकलं. हरेश्वरने बदललेल्या ओळीने चूक दुरुस्त झाली नव्हती. झाकली गेली होती.

बर्वेसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन ओळींची दुरुस्ती आहे ना? घाल आणि पुढे जा. झालं गेलं कशाला उकरतेस? तो बिचारा आता विसरलाही असेल."

दुरुस्ती खरंच दोन ओळींची होती. घंटा वाजली की कोनाडा जपून ठेव, परतताना होता तसा कर. त्या कंपायलरमध्ये एक रीत आहे. प्रत्येक दुरुस्तीखाली लिहायचं, कुणी केली, कुणी तपासली आणि चूक आहे असं पहिल्यांदा कुणी कळवलं. ते कायम राहतं, कुणालाही वाचता येतं. कळवणाऱ्याच्या जागी मी हरेश्वरचं पूर्ण नाव लिहिलं. वर चार वाक्यांत लिहिलं, की याने चूक वेळेवर सांगितली होती, मी तपासलं नाही. फिनलंडच्या गृहस्थाने काही न विचारता ते जमा करून घेतलं. मी तो कागद छापला आणि हरेश्वरला शोधत गेले.

रे रोडला एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात तो तांब्याची तार गुंडाळत बसला होता. जाड झाला होता. मी कागद दिला. त्याने तार न सोडता एका हाताने धरून वाचला.

"हातचा," तो म्हणाला.

"हो."

"मला ठाऊक होतं गं ताई. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण माझं नाही हे ठाऊक होतं."

"तुझं नाव घातलंय. अगदी फिनलंडमध्येही, जगभरात कुणीही उघडून वाचू शकेल."

त्याने कागदाची नीट घडी करून मला परत दिली. "माझ्या आईला वाचता येत नाही," तो म्हणाला. "आणि मामा फिनलंडला राहत नाही."

मला फार लाज वाटली. मला वाटलं होतं, मी केवढं मोठं काम केलं.

"चल मग," मी म्हटलं. "आत्ता चल."

त्याने दुकानदाराला विचारलं, हात पुसले आणि आम्ही चालत वस्तीत गेलो. दुपार होती. गल्लीत जाळी पसरलेली, दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि सगळीकडे तो पांढरा, झोपाळू उजेड. त्याची आई ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. मी कोण ते हरेश्वरने सांगितलं. तिने मान वर केली, पण बस म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सुरुवात केली. चिप, खोल्या, घंटा, हातचा. घरून ठरवून आले होते, सोपं करून सांगायचं. दहाएक मिनिटं बोलले असेन.

"ता हातच्याचा मना नको सांगू," ती म्हणाली. "चूक कोनाची?"

"माझी."

"आनि माझे पोराची?"

"त्याची काहीच नव्हती. त्याचं बरोबर होतं."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ती कोलंबीची थाळी बाजूला ठेवून उठली, हात धुतले, पदर खोचला. "चल," म्हणाली. मला वाटलं, आत बोलावतेय. ती मला शेजारच्या दारात घेऊन गेली. तिथल्या बाईचा माल त्या शीतखोलीत होता. "आता हिला सांग."

मी सांगितलं. मग पुढचं दार. मग त्याच्या समोरचं. प्रत्येक दारात ती माझ्या मागे उभी राहायची, आणि मी अडखळले की म्हणायची, "मोठ्यान् बोल गो." कुणी ऐकून आत निघून गेली, कुणी म्हणाली, आता काय त्याचं, मासळी तर गेली. एकीने मला दोन शब्द चांगलेच सुनावले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत आणि चुकीचेही नव्हते. प्रत्येक दारात माझं बोलणं कमी कमी होत गेलं. आधी खोल्या गळल्या, मग घंटा, मग चिप. हरेश्वर चार पावलं मागून येत होता, जमिनीकडे बघत.

दहा दारं झाली. अकरावं दार नव्हतंच. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीच्या सावलीत त्याचे मामा जाळं विणत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. माझ्याकडे एवढंच उरलं होतं.

"चूक माझी होती. हरेश्वरचं बरोबर होतं."

मामांनी वर बघितलं नाही. जाळ्याच्या दोन गाठी मारल्या, तिसरी ओढून घट्ट केली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "हऱ्या, बोटीवरचा वायरलेस कवाचा खरखरतोय. बघतंस काय जरा?"

हरेश्वरने चपला काढल्या, बोटीच्या काठाला धरून वर चढला आणि आत दिसेनासा झाला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मामा, पेचकस दे रे!"